ठेंगण्या डाळिंबाची कुळकथा

ॲरिझोनातल्या मराठी घरांत चहाच्या वेळी एक तक्रार हमखास ऐकू येते. नर्सरीतून डाळिंबाचं रोप आणलं, मागच्या अंगणात लावलं, वेळेवर पाणी घातलं, खत घातलं. झाड फुलांनी लालभडक झालं. पण फळ धरलं ते लिंबाएवढं. फोडून पाहावं तर आत रस कमी आणि बी जास्त, आणि चव अशी की मुलांनी एक दाणा तोंडात टाकून पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. मग चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं इथल्या मातीत चुना फार आहे, कुणी म्हणतं नळाचं पाणी जड आहे, कुणी म्हणतं हे ऊन झाडाला सोसत नाही. भारतातून आलेले आजी-आजोबा घरात असले तर "आपल्या सोलापूरच्या डाळिंबाची सर इथं यायची नाही," असा निकाल देऊन मोकळे होतात.

बिचाऱ्या मातीचा, पाण्याचा आणि उन्हाचा यात काही दोष नाही. डाळिंब हे मुळात इराणपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंतच्या कोरड्या डोंगराळ मुलखातलं झाड. चुनखडीची जमीन, कडक ऊन आणि तुटपुंजा पाऊस हेच त्याचं माहेर. फिनिक्सला वर्षाकाठी जेमतेम सात इंच पाऊस पडतो. २०२३ च्या उन्हाळ्यात इथं सलग ३१ दिवस दिवसाचा कमाल पारा ११० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसच्या खाली उतरला नाही. त्या महिन्यात सग्वारो निवडुंगसुद्धा कोसळल्याच्या बातम्या आल्या. डाळिंबं मात्र तगली. खरा घोळ रोपाच्या कुंडीवर लावलेल्या चिठ्ठीत आहे. त्या चिठ्ठीवर 'पोमग्रॅनेट'च्या आधी 'ड्वॉर्फ' असा एक शब्द होता, आणि त्या एका शब्दाला अडीचशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तोच इतिहास या लेखात सांगायचा आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध अंगणापुरता आणि वाचनापुरता. पण माझी डॉक्टरेट ज्या विषयातली आहे, त्या ऑप्टिमायझेशनचा पहिला धडा इथं उपयोगी पडतो. 'सर्वांत चांगलं' काय ते शोधायचं, तर आधी 'चांगलं' म्हणजे काय हे ठरवावं लागतं. एकदा ती कसोटी ठरली, की पुढचं गणित मुकाट्याने त्याच दिशेला जातं, आणि कसोटीत जे मोजलं नाही ते हळूहळू हातातून सुटत जातं. माळ्याने केलेली निवड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं हेच गणित.

ठेंगणं तीन प्रकारचं

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बाजारात 'ठेंगणं' म्हणून जी फळझाडं मिळतात ती तीन वेगवेगळ्या वाटांनी ठेंगणी झालेली असतात.

पहिली वाट कलमाची. वरची फांदी नेहमीच्या उंच जातीची, पण खालचं मूळ मंद वाढणाऱ्या खुंटाचं. सफरचंदाचे असे खुंट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात वर्गवारी लावून निश्चित केले गेले. लिंबू-संत्र्यांसाठी 'फ्लाइंग ड्रॅगन' नावाचा वेड्यावाकड्या काट्यांचा खुंट वापरतात. इथं झाड लहान राहतं, पण फळ पूर्ण आकाराचं येतं, कारण फळाचे गुण वरच्या फांदीचे असतात.

दुसरी वाट कात्रीची आणि कुंडीची. झाड जातीने उंचच, पण मुळांना जागा कमी आणि फांद्यांची छाटणी नियमित. इथंही फळ नेहमीचंच येतं, फक्त संख्येने कमी.

तिसरी वाट रक्तातली. झाडाच्या आनुवंशिक घडणीतच ठेंगणेपणा असतो. पानं बारीक, पेरं आखूड, फुलं लहान आणि फळही लहान. 'ड्वॉर्फ पोमग्रॅनेट' म्हणून आपण जे आणतो ते या तिसऱ्या प्रकारातलं. त्याचं शास्त्रीय नाव 'प्युनिका ग्रॅनॅटम नाना'. लॅटिनमध्ये 'नाना' म्हणजे बुटकी. आपल्याकडच्या नानांनी राग मानू नये!

वेस्ट इंडीजचं कुंपण

या नानाची लेखी नोंद कुठं सापडते ते पाहिलं तर गंमत वाटते. डाळिंब हे जुन्या जगाचं झाड. 'प्युनिका' या प्रजातीत जाती दोनच, एक आपलं डाळिंब आणि दुसरी येमेनच्या सोकोत्रा बेटावर उगवणारी रानटी जात. पण स्वीडनच्या लिनियसने १७६२ साली ठेंगण्या डाळिंबाला स्वतंत्र जातीचा मान दिला, तेव्हा त्याचं गाव म्हणून त्याने अँटिलीस बेटं, म्हणजे वेस्ट इंडीज, असं लिहिलं. अर्थात तिथं डाळिंब आपोआप उगवलेलं असणं शक्य नाही. अटलांटिकपलीकडे डाळिंब नेलं ते स्पॅनिश लोकांनी. त्यांच्या भाषेत डाळिंब म्हणजे 'ग्रानादा', आणि ग्रानादा शहराच्या निशाणीवरही डाळिंबच आहे.

लंडनच्या चेल्सी औषधी बागेचा प्रमुख माळी फिलिप मिलर याने आपल्या बागकामाच्या कोशात या झाडाचं वर्णन केलं आहे. त्याचा सारांश असा : वेस्ट इंडीजमधले लोक हे झाड बागेला कुंपण म्हणून लावतात, तिथं ते चार-पाच फुटांवर जात नाही, छाटून तीन फुटांवरही ठेवता येतं, वर्षातला बराच काळ ते फुलत राहतं, फळ अक्रोडाएवढं आणि चवीला यथातथाच, म्हणून ते फळासाठी नव्हे, फुलांसाठी वाढवतात.

वाचकहो, नर्सरीतल्या रोपाबद्दल आपली जी तक्रार आहे ती मिलरने अठराव्या शतकात जशीच्या तशी लिहून ठेवली आहे. फरक इतकाच की त्याच्या लेखी ती तक्रार नव्हती. कुंपण हवं, फुलं हवीत आणि उंची आटोक्यात हवी, या कसोटीला हे झाड पुरेपूर उतरत होतं. चव कुणी मोजलीच नाही. युरोपात थंडीमुळे डाळिंब पिकवणं कठीणच, त्यामुळे तिथल्या काचघरांत तर कुंडीत मावणारं आणि भरपूर फुलणारं झाडच सोयीचं. जिथं फळाची आशाच नाही, तिथं फुलांवर निवड होणार हे उघड आहे.

पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी नानाला स्वतंत्र जातीच्या पाटावरून उठवून डाळिंबाचाच एक उपप्रकार ठरवलं. पण त्याची एक खोड कायम राहिली. ते फार लवकर फुलतं. नेहमीचं डाळिंब बीपासून लावलं तर फळासाठी काही वर्षं थांबावं लागतं. नाना बीपासून लावलं तरी पहिल्या वर्षातच फुलू शकतं. जपानमध्ये बोन्सायवाल्यांनी ते उचलून धरलं आणि त्याला नावच दिलं 'इस्साई झाकुरो', म्हणजे एका वर्षाचं डाळिंब. २००७ साली जपानी संशोधकांनी डाळिंबात बाहेरचा जनुक घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती याच ठेंगण्या झाडावर. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाट पाहायला वेळ कुणाला असतो? लवकर फुलणं हा तिथं सर्वांत मोठा गुण ठरला.

गणेशखिंडीतली दुसरी कसोटी

आता याच झाडाची पुण्यातली गोष्ट पाहू.

आपण ज्याला डाळिंबाची 'खरी चव' म्हणतो, ती पुराणकाळापासून चालत आलेली नाही. ती आपल्या आजोबांच्या काळात, पुण्याच्या गणेशखिंड फळ प्रयोग केंद्रात निवडली गेली. तिथले उद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली 'आळंदी' नावाच्या स्थानिक वाणातून एक झाड निवडलं. आळंदीचे दाणे रसाळ, पण आतली बी कडक. नव्या निवडीत बी मऊ होती, दाणा गोड होता आणि झाड भरघोस फळत होतं. या निवडीला 'जीबीजी-१' असं रुक्ष नाव मिळालं. १९७० साली तिचं बारसं नव्याने झालं आणि नाव ठेवलं 'गणेश'. (चीमासाहेबांचं स्वतःचं नाव 'चीमा साहेबी' या द्राक्षात राहिलं, हे द्राक्षवाल्यांना माहीत असेलच.)

इथं कसोटी कोणती होती? खाणाऱ्याची जीभ आणि खाणाऱ्याचे दात! मूठभर दाणे तोंडात टाकून बी न थुंकता चावून गिळता आली पाहिजे, ही खास आपली आवड. दहीभातावर दाणे पेरायचे, कोशिंबिरीत घालायचे, आजारी माणसाला सोलून द्यायचे, तर बी मऊच हवी. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेशचा संकर 'गुल-ए-शाह रेड' या लाल वाणाशी केला. त्यातून १९९४ साली 'मृदुला' आला, आणि त्याच संकरातून निवडलेला 'भगवा' २००३ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. गणेशचे दाणे फिकट गुलाबी, भगव्याचे गडद लाल. साल जाड, म्हणून दूरच्या प्रवासात टिकणारं. आता कसोटीत परदेशी बाजारपेठही आली होती. सांगोला, पंढरपूर, मालेगाव, सटाणा या कमी पावसाच्या तालुक्यांत भगव्याच्या बागा उभ्या राहिल्या. सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आलं आणि २०१६ साली 'सोलापूर डाळिंबा'ला भौगोलिक मानांकन मिळालं.

अमेरिकन ग्रोसरीत मिळतं ते बहुतेक 'वंडरफुल' या वाणाचं डाळिंब. फ्लॉरिडातल्या एका फांदीपासून सुरू झालेला हा वाण १८९६ साली कॅलिफोर्नियात वाढवला गेला. रंग देखणा, रस भरपूर, चव आंबटगोड, बी कडक. रस काढून पिणाऱ्यांना बीचं काय? यंत्र बी बाजूला टाकतं. आपल्याला ती दाताखाली येते म्हणून आपण नाक मुरडतो. वंडरफुल वाईट नाही, त्याची परीक्षा वेगळ्या पेपरावर झालेली आहे.

म्हणजे एकाच जातीचं झाड. एका ठिकाणी त्याची निवड कुंपणासाठी झाली, दुसऱ्या ठिकाणी मऊ बीसाठी, तिसऱ्या ठिकाणी रसासाठी. दोन-तीनशे वर्षांनी ही तिन्ही भावंडं एकमेकांशेजारी उभी केली तर ती एकाच घरातली आहेत यावर विश्वास बसू नये.

दोघांची गाठ बंगळुरात

या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग पुढेच आहे.

उत्तर भारतात छोल्यांत आणि चाटमध्ये अनारदाणा घालतात. हिमाचल, जम्मू, उत्तराखंडच्या डोंगरांत 'दारू' नावाचं रानडाळिंब उगवतं, त्याचे आंबट दाणे वाळवून अनारदाणा होतो. गोड गणेशचा अनारदाणा होत नाही, कारण इथं आंबटपणालाच किंमत. बागेत लावून वाढवता येईल असं आंबट डाळिंब हवं होतं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काय केलं? त्यांनी गणेशचं लग्न लावलं ते नानाशी! पुण्याच्या केंद्रातला, गोडीसाठी निवडलेला गणेश आणि वेस्ट इंडीजच्या कुंपणावरचं, चवीसाठी कुणी न विचारलेलं नाना. त्या जोडप्याच्या संततीतून 'अमलीदाणा' हा वाण निवडला गेला, तो खास अनारदाण्यासाठी.

ज्या आंबटपणामुळे आपली मुलं तोंड वाकडं करतात, तोच आंबटपणा इथं हुंडा म्हणून आला. नाना बदललं नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्न बदलला होता.

नाताळचं करवंद

गोष्ट नेहमी याच दिशेने जाते असं नाही. फळासाठी आणलेलं झाड शोभेचं होऊन बसलं, असंही घडतं. त्याचं उदाहरण आपल्या रोजच्या वाटेवर आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियात, फ्लॉरिडात आणि फिनिक्सच्या उबदार वस्त्यांत ऑफिसच्या पार्किंगभोवती एक गर्द हिरवं, चकचकीत पानांचं, गुडघ्याएवढं झुडूप असतं. पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी सुवासिक फुलं, दुफाटा काटे आणि पान तोडलं तर पांढरा चीक. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या माणसाने जरा थांबून पाहिलं तर त्याच्या तोंडून "अरे, ही तर करवंदीची जाळी!" असं निघालंच पाहिजे. ती करवंदीची सख्खी चुलत बहीणच आहे. इंग्रजीत तिला 'नाताल प्लम' म्हणतात, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांत तिचं फळ पूर्वापार खाल्लं जातं. नाताल हा तिकडचा किनारा. १४९७ च्या ख्रिसमसच्या सुमारास वास्को द गामा त्या किनाऱ्यावरून गेला, म्हणून हे नाव पडलं. पोर्तुगीज भाषेत ख्रिसमस म्हणजे 'नाताल', आणि आपल्या मराठीतला 'नाताळ' त्याच शब्दातून आला. तेव्हा 'नाताळचं करवंद' म्हणायला हरकत नाही.

हे झाड अमेरिकेत पहिल्यांदा आणलं ते १८८६ साली, थिओडोर मीड नावाच्या बागाईतदाराने. पण मोठ्या प्रमाणावर ते आलं १९०३ साली. अमेरिकन शेतकी खात्याचे डेव्हिड फेअरचाइल्ड जगभर हिंडून उपयोगी झाडांची बियाणी गोळा करत असत. त्यांनी दरबानच्या वनस्पती उद्यानातून या झाडाचं पुष्कळ बी आणलं. मायामीच्या सरकारी बागेत हजारोंनी रोपं तयार करून फ्लॉरिडा, आखाताकाठची राज्यं आणि कॅलिफोर्निया इथं चाचणीसाठी वाटली. हेतू फळाचाच होता. लालबुंद, सुमारे दोन इंचांचं, 'क' जीवनसत्त्वाने भरलेलं फळ. त्याची जेली होते, सॉस होतो, कच्चंही खाता येतं. 'फॅन्सी' वगैरे काही वाण फळासाठी निवडलेही गेले.

पण बाजारात ते टिकेना. फळ नाजूक, चीक गळणारा, तोडणीत काटे, आणि फळधारणा बेभरवशाची. आफ्रिकेत या फुलांचं परागीकरण रात्री उडणारे पतंग आणि बारके भुंगेरे करतात. इथं ती सेवा पुरेशी मिळत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी झाड फुलतं पण फळत नाही. दुसरीकडे शहरं वाढत होती, इमारतींभोवती सदाहरित, खारा वारा आणि ऊन सोसणारं, कमी देखभालीचं कुंपण सगळ्यांना हवं होतं. कसोटी बदलली. 'बॉक्सवुड ब्यूटी', 'ग्रीन कार्पेट' अशी नावं धारण केलेले ठेंगणे, काही बिनकाट्यांचे वाण आले. वर माळी लोक यंत्राने झुडपाची डोकी सपाट करतात. फुलं शेंड्याला येतात, ती फळ होण्याआधीच कापली जातात. ज्या झाडाला खायला घालण्यासाठी समुद्रापार आणलं, ते आता गाड्यांना सावलीसुद्धा देत नाही.

इथं एक इशारा देणं माझं कर्तव्य आहे, विशेषतः लहान मुलांच्या आईवडिलांना. करवंद ज्या कुळातलं, त्याच कुळात आपली कण्हेरही आहे, आणि फिनिक्समध्ये कण्हेरीची कुंपणं जागोजाग आहेत. कण्हेरीचा प्रत्येक भाग जहाल विषारी आहे. चीक दोघींनाही असतो. नाताल करवंदीचंसुद्धा फक्त पूर्ण पिकलेलं, लाल झालेलं फळ खाण्याचं. पान, फांदी, बी नाही. मुलांना 'डोंगरची काळी मैना' दाखवण्याची हौस जरूर असावी, पण झाडाची ओळख पक्की असल्याशिवाय आणि ते फवारलेलं नाही याची खात्री असल्याशिवाय रस्त्याकडेचं काही तोंडात घालू देऊ नये. ठेंगण्या डाळिंबाबाबत ही धास्ती नाही. त्याचं फळ आंबट असेल, पण डाळिंबच आहे.

आपल्या अंगणात

आता थोडं व्यवहाराचं. उष्ण गावात ही झुडपं लावायची तर डाळिंब नाना हे सर्वांत सोपं. जमिनीत पूर्ण उन्हात लावावं. दोन-तीन फूट उंची, मे महिन्यापासून शरद ऋतूपर्यंत फुलं. कुंडीत लावायचं असेल तर काळी प्लॅस्टिकची कुंडी टाळावी. वरचं झाड ऊन सोसतं, पण तापलेल्या कुंडीत मुळं भाजून निघतात. मातीची किंवा फिक्या रंगाची मोठी कुंडी घ्यावी आणि तिला दुपारनंतर सावली मिळेल असं पाहावं. नाताल करवंदीला थंडीची भीती. तापमान शून्याखाली तीन अंशांच्या आसपास गेलं की ती करपते, म्हणून दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत लावावी. फळ हवं असेल तर कात्री आवरावी आणि संध्याकाळी बारीक कुंचल्याने एका फुलातला पराग दुसऱ्या फुलाला लावावा.

पाण्याच्या बाबतीत आपल्या शेतकऱ्यांचं शहाणपण कामी येतं. महाराष्ट्रात डाळिंबाचे तीन बहार धरतात : मृग, हस्त आणि आंबे. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. पानं पिवळी पडून गळतात, झाड विश्रांती घेतं. मग छाटणी, खत आणि पाणी दिलं की सगळं झाड एकदम फुलावर येतं. फिनिक्समध्ये हिवाळ्याची थंडी हे काम परस्पर करते. पानं गळतात आणि वसंतात फूल येतं, जवळजवळ आपल्या आंबे बहारासारखं. आपण एवढंच सांभाळायचं की थंडीत झाडाला उगाच पाणी पाजत बसू नये, आणि फळ धरल्यावर पाण्याची पाळी चुकवू नये. कोरडं पडलेलं झाड एकदम भिजलं की फळं तडकतात, मग झाड ठेंगणं असो वा उंच.

खायला डाळिंब हवं असेल तर रक्तातलं ठेंगणं घेऊच नये. मऊ बीचा, नेहमीच्या आकाराचा वाण घ्यावा आणि छाटून सहा-सात फुटांवर ठेवावा. मऊ बीचे वाण इथं कायदेशीररीत्या मिळतात. तुर्कमेनिस्तानात ग्रेगरी लेव्हिन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने अकराशेहून अधिक प्रकारची डाळिंबं जमवली होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्यांना ते काम सोडून इस्राएल गाठावं लागलं, पण त्या संग्रहातले काही वाण आधीच कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या सरकारी बागेत पोचले होते. 'पार्फियांका' हा त्यांतलाच, बी मऊ आणि चव उत्तम. भारतातून येताना बॅगेत भगव्याची काडी लपवून आणण्याचा मोह मात्र टाळावा. परवान्याशिवाय ते बेकायदा आहेच, शिवाय आपल्याकडच्या बागांना 'तेल्या' या जिवाणूजन्य रोगाने किती छळलं आहे हे सोलापूर-नाशिकच्या कुणाही शेतकऱ्याला विचारावं. एका काडीबरोबर तो इथं आला तर दोष आपल्या माथी येईल.

पत्रीचं पान

जाता जाता कुळाबद्दल एक गोष्ट. डाळिंबाला पूर्वी स्वतःचं वेगळं कुळ होतं, आता शास्त्रज्ञ त्याला मेंदीच्या कुळात घालतात. ताम्हण, म्हणजे महाराष्ट्राचं राज्यफूल, त्याच कुळातलं, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत दारोदारी दिसणारं क्रेप मर्टलही त्यातलंच. आपल्या अंगणात डाळिंब, मेंदी आणि क्रेप मर्टल असली तर ते एकाच घराण्याचं संमेलन आहे असं समजावं.

'कुठलं झाड चांगलं?' असं मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, तर मी आधी विचारतो, 'कशासाठी?' मुलांना दाणे खायला हवे असतील तर उत्तर एक, दारात वर्षभर रंग हवा असेल तर दुसरं, अनारदाणा करायचा असेल तर तिसरं. आणखी एक चौथी कसोटी आहे, तिचा विचार ना मिलरने केला ना चीमासाहेबांनी. गणेश चतुर्थीला एकवीस पत्री लागतात आणि त्यांत डाळिंबाचं पान असतं. परदेशात पत्री जमवताना आपली किती तारांबळ उडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाद्रपदात इथं ऊन रणरणत असतं, तरी कुंडीतलं नाना हिरवंगार असतं, वर चार लाल फुलंही असतात, आणि लाल फूल तर गणपतीला प्रियच. पूजेच्या तबकात त्याचं पान ठेवलं की ते डाळिंबाचंच पान असतं. झाड किती उंच होतं आणि फळ किती गोड होतं, हे तिथं कुणी विचारत नाही.